थँक्सगिव्हिंगचं आमंत्रण स्वीकारू का?

प्रश्न : मी ऑगस्टपासून अमेरिकेत एमएस करतोय. आमच्या प्राध्यापकांनी थँक्सगिव्हिंगला घरी जेवायला बोलावलंय. पण तो ख्रिस्ती सण ना? शिवाय मी शाकाहारी. नाही म्हणू का?
– एक विद्यार्थी, ओहायो

उत्तर : जरूर जा. हा चर्चचा सण नाही, पीक हाती आल्याबद्दल कृतज्ञता मानण्याची राष्ट्रीय सुट्टी आहे. कोकणातली नवान्न पौर्णिमा आठवा. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १८६३ मध्ये थँक्सगिव्हिंगची घोषणा केली; नोव्हेंबरचा चौथा गुरुवार १९४१ च्या कायद्याने ठरला. जेवणाआधी कुणी प्रार्थना केलीच, तर शांत बसलं तरी पुरतं.

शाकाहारी असल्याचं मात्र आजच कळवा. ऐनवेळी सांगितलं तर यजमानांना वाईट वाटतं. टर्की ओळखू येते, फसवतात ते बाकीचे पदार्थ : स्टफिंग आणि ग्रेव्हीत बहुधा मांसाचं पाणी, रताळ्यांवरच्या मार्शमॅलोत जिलेटिन, भोपळ्याच्या पायमध्ये अंडं. क्रॅनबेरी सॉस, मका सहसा चालतो, तरी विचारून घ्या. सोबत पातेलंभर मसालेभात न्या.

त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद आणि बस कमी असतात. परतीची सोय आधीच ठरवा, आणि वसतिगृह सुट्टीत उघडं राहणार का, हेही कार्यालयात विचारून ठेवा.