पालवणकर बाळू : चेंडू आणि पंगत

भारतीय क्रिकेटच्या इतिहासात पालवणकर बाळू यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु त्यांच्या कारकिर्दीचा सामाजिक अर्थ क्वचितच उलगडून सांगितला जातो. चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात इंग्रजांच्या क्लबात दरमहा ४ रुपये वेतनावर मैदानाची निगा राखीत. सरावाच्या वेळी ते इंग्रज फलंदाजांना तासन्‌तास गोलंदाजी करीत. या कष्टातूनच त्यांची डावखुरी फिरकी घडली.

पुण्यातील हिंदू संघाला विजय हवा होता, म्हणून बाळूंना संघात घेण्यात आले. त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू निःसंकोच हाती घेत. चहापानाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे ताट वेगळे मांडले जाई. चेंडूला विटाळ नव्हता, माणसाला होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात संघाच्या वाट्याला अनेक पराभव आले, तरी बाळूंनी ११४ बळी मिळविले. इतके करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. १९२० साली त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी या अन्यायाच्या निषेधार्थ संघातून माघार घेतली. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. गुणवत्तेने दार ठोठावले. ते उघडण्यासाठी निर्धाराने दिलेला नकार आवश्यक ठरला.

१९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले व पराभूत झाले. हा इतिहास आपण लपवू नये. त्यांचे राजकारण आपणांस मान्य नाही. त्यांच्या श्रमांचे आणि सोसण्याचे मोल मात्र मान्य केलेच पाहिजे. अभ्यासकाला अशी शिस्त हवी.

आज नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांतील मुले आपल्या वसतिगृहात एकाच पंगतीत जेवतात व एकाच मैदानावर खेळतात. ही पंगत कोणाच्या कृपेने मांडली गेलेली नाही. तिच्यामागे महाडच्या चवदार तळ्यापासून संविधानापर्यंतचा संघर्ष उभा आहे. पालकांनी मुलांच्या हाती चेंडू अवश्य द्यावा. त्याबरोबरच पंगतीत बसण्याचा आपला हक्क कोठून आला, हेही त्यांना सांगावे. केवळ टाळ्यांनी समता येत नाही, हे बाळूंचे आयुष्य आपणांस शिकविते.