सुपरचार्जर बसविलेल्या मोटारीचे इंजिन : बिघाडाचे निदान कसे करावे?

इंदूरच्या होळकर संस्थानचे अखेरचे राज्यकर्ते महाराज यशवंतराव होळकर (द्वितीय) यांना आधुनिक वास्तुकलेची व उत्तम यंत्रांची आवड होती. त्यांच्या ‘माणिकबाग’ राजवाड्याची रचना एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाने केली. याच महाराजांसाठी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या ‘एसजे’ या १९३५ सालच्या मोटारीवर लंडन येथील गर्नी नटिंग यांच्या कारखान्यात खास बॉडी बांधण्यात आली. या मोटारीचे इंजिन एका ओळीत आठ सिलिंडर असलेले, सुमारे ६.९ लिटरचे होते. सुपरचार्जर नसलेल्या ‘जे’ या इंजिनाची शक्ती कंपनी २६५ अश्वशक्ती सांगत असे. सुपरचार्जर बसविलेल्या ‘एसजे’ची ३२० अश्वशक्ती.

ही वाढीव शक्ती फुकट मिळत नाही. ‘एसजे’मध्ये ॲल्युमिनियमच्या कनेक्टिंग रॉडऐवजी नळीसारखे पोलादी रॉड घालावे लागले. सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबली की त्याच्या प्रत्येक भागावर जास्त दाब व जास्त उष्णता येते. हे सूत्र आजही बदललेले नाही. म्हणूनच अशा इंजिनाचे नुकसान झाल्यास ते नेमके कोठे व कशामुळे झाले, हे शोधण्याची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे.

सुपरचार्जरचे कार्य

साध्या इंजिनात पिस्टन खाली सरकला म्हणजे बाहेरील हवा वातावरणाच्या दाबाने आत येते. समुद्रसपाटीवर हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम असतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने तेथे तो सुमारे ६ टक्क्यांनी कमी भरतो. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच शक्तीवर, पट्ट्याने किंवा दंतचक्राने फिरणारा पंखा किंवा पंप होय. तो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त आणि म्हणून शक्ती जास्त, असा हा हिशेब आहे.

हवा दाबली की ती तापते. तापलेल्या मिश्रणाचे ज्वलन बिघडण्याचा धोका असतो. नेहमीच्या ज्वलनात स्पार्क प्लगपासून निघालेली ज्वाला सिलिंडरभर क्रमाने पसरते. मिश्रण फार तापले, इंधन कमी पडले किंवा ठिणगी फार लवकर पडली, तर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण एकदम पेट घेते आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा टणटणाट ऐकू येतो. मिस्त्री यास ‘नॉकिंग’ म्हणतात. त्याने पिस्टनमधील रिंगांच्या खाचा तुटतात. दुसऱ्या प्रकारात प्लगचे टोक किंवा काजळीचा कण लाल होऊन ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटवितो. त्याने पिस्टनचा माथा वितळून भोकही पडू शकते.

प्रथम काय करावे?

चालत्या गाडीची शक्ती एकाएकी घटली, ठोक्याचा आवाज आला किंवा धूर निघू लागला, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. खात्री करून घेण्यासाठी ते पुन्हा पुन्हा सुरू करू नये. तुटलेला तुकडा प्रत्येक फेऱ्यागणिक सिलिंडर ओरबाडतो आणि थोडक्यात आटोपणारे काम मोठ्या खर्चाचे होते. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड झाल्याखेरीज उघडू नये.

यानंतर चालकाकडून माहिती घ्यावी. बिघाड चढावर झाला की सपाटीवर? त्यापूर्वी इंधन कोठे भरले होते? सुपरचार्जरची कप्पी, इंधन-पंप किंवा ठिणगीची वेळ यांत कोणी बदल केला होता काय? मूळ कप्पीऐवजी लहान कप्पी बसविली असल्यास सुपरचार्जर जास्त वेगाने फिरून जास्त दाब देतो. त्या प्रमाणात इंधन न वाढविल्यास पिस्टन जळण्याचा संभव असतो.

मग इंजिन न उघडता पाहणी करावी. निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे, काळा धूर इंधन जास्त होत असल्याचे आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर बहुधा पाणी सिलिंडरमध्ये शिरत असल्याचे लक्षण होय. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले असे समजावे.

आवाज कोणाचा?

सुपरचार्जर असलेल्या गाडीत कोणत्याही आवाजाचे खापर प्रथम त्याच्यावर फोडले जाते. वाहनाच्या रचनेत सुपरचार्जरचा पट्टा वेगळा काढता येत असेल आणि इंजिन सुरू करणे सुरक्षित असेल, तर पट्टा काढून इंजिन काही क्षण मंद गतीने चालवावे. आवाज थांबला तर दोष सुपरचार्जरच्या बेअरिंगमध्ये किंवा जोडणीत असण्याचा संभव अधिक. न थांबल्यास तो इंजिनात शोधावा. तेलाचा दाब कमी झाला असून खोल ठोका येत असेल, तर ही चाचणी करूच नये. तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो.

चार चाचण्या

१. स्पार्क प्लगची पाहणी : प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने मांडावेत. चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत कण दिसल्यास पिस्टन झिजत किंवा वितळत आहे. प्लग तेलाने ओला असल्यास रिंगांचा संशय घ्यावा. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असल्यास त्या सिलिंडरमध्ये पाणी गळत असावे.

२. दाबमापन : इंजिन किंचित गरम असावे, बॅटरी पूर्ण भारित असावी, सर्व प्लग काढलेले असावेत, इंधन व ठिणगी बंद असावी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा. प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे देऊन कॉम्प्रेशन गेजवरील आकडा लिहून घ्यावा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांहून खाली नसावा. सुपरचार्जरच्या इंजिनात संपीडन-प्रमाण बहुधा कमी ठेवलेले असते. म्हणून दुसऱ्या गाडीच्या आकड्याशी तुलना न करता उत्पादकाच्या पुस्तिकेशी करावी. इंदूरसारख्या उंचीवरच्या गावी आकडा थोडा कमी येणे स्वाभाविक आहे.

३. तेल घालून दाबमापन : आकडा कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा तेल घालून पुन्हा मोजावे. आकडा बराच वाढल्यास दोष रिंग, पिस्टन किंवा बोअरमध्ये, आणि फारसा न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेटमध्ये असावा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे सारखेच कमी असल्यास त्यांच्यामधील गॅसकेट जळाले असण्याचा संभव असतो.

४. गळतीची चाचणी : दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्थितीत पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडावी. या वेळी क्रँकशाफ्ट एकाएकी फिरू शकतो. हात पट्ट्यापासून दूर ठेवावेत. हवा सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवा घेण्याच्या मार्गातून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या तोंडातून जोराने आली तर पिस्टन किंवा रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट किंवा तडा गेलेले हेड, असा अर्थ घ्यावा.

तेलाचा फिल्टर कापून पाहणेही उपयुक्त ठरते. लोहचुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे किंवा बिडाचे. न चिकटणारे चकचकीत कण बेअरिंगचे किंवा पिस्टनचे असतात.

मोडलेला भाग आणि मोडण्याचे कारण

उदाहरणादाखल चार सिलिंडरांच्या एका इंजिनाचे आकडे १०.५, १०.४, ६ व १०.३ आले असे समजू. तिसऱ्यात तेल घातल्यावर ६ चा आकडा ९ झाला आणि हवा तेलाच्या तोंडातून आली. तिसरा पिस्टन निकामी आहे, हे इंजिन न उघडताच कळले. पुष्कळ ठिकाणी काम येथेच संपते. नवा पिस्टन घालून गाडी परत केली जाते आणि थोड्याच दिवसांत तोही त्याच तऱ्हेने मोडतो. मोडलेला पिस्टन हा परिणाम आहे, कारण नव्हे.

म्हणून पुढचा प्रश्न विचारावा : नुकसान एकाच सिलिंडरमध्ये आहे की सर्वांत? एकाच सिलिंडरमध्ये असल्यास कारणही त्याच सिलिंडरपुरते, म्हणजे तुंबलेला इंजेक्टर, चुकीचा प्लग किंवा त्या जागी अपुरे पोहोचणारे पाणी, असे असण्याचा संभव अधिक. सर्व प्लगांवर धातूचे कण असतील, तर कारण सामाईक असते : भार पडल्यावर अपुरा पडणारा इंधन-पंप, प्रमाणाबाहेर हवेचा दाब, लवकर पडणारी ठिणगी, दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा बिघाड, किंवा पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा कमी ऑक्टेनचे पेट्रोल.

यांपैकी अनेक दोष गॅरेजच्या आवारात उभ्या गाडीत दिसत नाहीत. ते पूर्ण भारावर दीर्घकाळ धावतानाच प्रकट होतात. वाहनांची अशी कसोटी घेता यावी म्हणूनच इंदूरजवळील पीथमपूर येथे ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेग चाचणी-मार्ग २०२१ साली सुरू झाला. दुरुस्तीनंतर इंधनाचा दाब व हवेचा दाब भाराखाली मोजल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

ग्रामीण वाहनांसाठी

ट्रॅक्टर, मालमोटारी व जीपगाड्या यांच्या डिझेल इंजिनांवर अनेकदा टर्बोचार्जर असतो. तोही हवाच दाबतो. मात्र तो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतात व दाब कितीतरी जास्त असतो. त्यासाठी वेगळे गेज लागते. परंतु प्रथम विचारणे, मग पाहणे, मग मोजणे आणि शेवटी उघडणे हा क्रम तोच राहतो. हवेचा फिल्टर स्वच्छ ठेवावा, वंगणतेल वेळेवर बदलावे आणि जड कामानंतर इंजिन दोन-तीन मिनिटे मंद चालवून मगच बंद करावे.

कार्यालयीन वाहनाच्या दुरुस्तीस मंजुरी देताना अधिकाऱ्यांनी केवळ सुट्या भागांची यादी न पाहता चाचण्यांचे आकडे व नुकसानीचे कारण लेखी मागावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी निकामी पिस्टन व प्लग भंगारात न टाकता, कारणाची चिठ्ठी लावून, वर्गात ठेवावेत. वितळलेला माथा आणि तुटलेली रिंगेची खाच शेजारी मांडून दाखविली, तर ज्वलनातील दोन दोषांचा फरक विद्यार्थ्याच्या सहज ध्यानात येईल.