आइस मशीनचा ‘गॅस संपला’ म्हणतात तेव्हा

ज्यूस सेंटर, बार किंवा छोट्या हॉटेलातलं क्यूबचं मशीन निम्माच बर्फ द्यायला लागलं, की बरेच मेकॅनिक आल्या आल्या सांगतात, “गॅस संपलाय, भरून देतो.” लगेच हो म्हणू नका. बंद नळ्यांतला गॅस वापरून संपत नसतो, तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. ती जागा न शोधता नवा गॅस भरला, तर तोही जातो आणि तेच बिल परत येतं.

आधी स्वस्तातली कारणं तपासून घ्या. कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि स्वयंपाकघरातलं तेलकट किटण बसलं की उष्णता बाहेर पडत नाही आणि बर्फ कमी होतो. बोअरच्या जड पाण्याने बर्फ जमतो त्या प्लेटवर क्षार धरला, तर बर्फ तयार होतो पण सुटून खाली पडत नाही. या दोन्हींची साफसफाई मिळून साधारण १,५०० ते २,५०० रुपयांत होते. प्लेटला निकेलचा मुलामा असेल तर त्याला चालणारंच क्लीनर वापरायला सांगा, साध्या ॲसिडने मुलामा उतरतो. आणखी एक गोष्ट: मशीनची रोजची क्षमता बहुधा थंड हवेत, थंड पाण्यावर मोजलेली असते. अकोल्या-नागपूरच्या मे महिन्यात काहीही न बिघडता उत्पादन खाली येतं.

गॅस खरंच कमी झाला असेल तर प्लेटच्या एका टोकाला जाड बर्फ आणि दुसऱ्या टोकाला पातळ किंवा कोरं, असं अनेकदा दिसतं. गळक्या सांध्यावर तेलाचा डाग सापडू शकतो. इथून पुढच्या कामावर मात्र जातीने उभं राहा, कारण खरा पैसा इथेच वाचतो किंवा वाया जातो. नळ्यांत नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधायची, सांधा ब्रेझिंगने बंद करायचा, ड्रायर नवा टाकायचा, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची आणि मग नेमप्लेटवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. व्हॅक्यूम न करता ‘थोडा टॉप-अप’ मारणारा माणूस परत पाठवा. आत राहिलेली ओल पुढे कॉम्प्रेसरच्या जिवावर उठते. या सगळ्याचे ३,५०० ते ७,००० रुपये धरून चला. शहर, मशीनचा आकार आणि गॅसचा प्रकार यांप्रमाणे आकडा हलतो.

प्रकारही नेमप्लेटवरच असतो: आर-१३४ए, आर-४०४ए किंवा आर-२९०. एकाच्या जागी दुसरा भरू देऊ नका. आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो पेट घेतो. अशा मशीनचा गॅस पूर्ण काढून, नायट्रोजनने नळ्या धुतल्याशिवाय टॉर्च पेटवायची नाही. भटारखान्यात तर नाहीच, मशीन उघड्यावर न्यायला लावा.

“कॉम्प्रेसर गेला” म्हटलं तर वाइंडिंग मीटरवर तपासून दाखवायला सांगा. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या भागात अनेकदा नुसता रिले किंवा कपॅसिटर उडालेला असतो, ते काम हजार-दीड हजारात होतं. कॉम्प्रेसर बदलायला १२,००० ते २५,००० लागतात. प्लेटचा मुलामाही उडाला असेल आणि एकूण खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल, तर जुन्यात पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

काम सुरू होण्याआधी लेखी अंदाज घ्या. व्हिजिटचे ५०० ते ८०० रुपये पुढच्या बिलातून वजा होणार का, तेही विचारा. बिलावर गॅसचा प्रकार, ग्रॅम, बदललेला भाग आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या, जुना कॉम्प्रेसर नेणार असतील तर त्याची किंमत वळती करून घ्या. व्यवसायाचं मशीन म्हणून तक्रार करता येत नाही, असं अनेकांना वाटतं. पण पोटापाण्यासाठी स्वतः धंदा चालवणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच ठरतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

वार्षिक करार करताना गॅस आणि कॉम्प्रेसर त्यात धरलेत का, हे सहीआधी वाचा. स्वस्त करारांत बहुतेक वेळा हेच दोन वगळलेले असतात. आणि सर्व्हिसिंग फेब्रुवारीत उरका. एप्रिलमध्ये चांगल्या मेकॅनिकची वेळ मिळत नाही आणि मशीन बंद असेपर्यंत बर्फ बाहेरून विकत आणावा लागतो.