संगणक-समूहाची रोजकीर्द

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणक-समूहावर लेख लिहावा, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटण्याचा संभव आहे. परंतु समूहातील बिघाड ज्या कागदपत्रांवरून शोधतात ती कागदपत्रे आमच्याच शाखेच्या जातीची आहेत, असे माझे मत झाले आहे. ते कसे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

संगणक-समूह म्हणजे एकमेकांस जोडलेली व एकच काम वाटून घेणारी अनेक यंत्रे. अमेरिकेच्या नासा संस्थेत १९९४ साली टॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे साधे १६ प्रोसेसर घेऊन बेओवुल्फ नावाचा समूह उभारला, आणि ही रीत पुढे महाविद्यालयांच्याही आवाक्यात आली. समूहातील प्रत्येक यंत्र आपल्यापाशी जे घडेल ते वेळेसह लिहून ठेवते. या वहीस लॉग म्हणतात. आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रांत ती वही उघडण्याच्या आज्ञेचे नावच 'जर्नलसीटीएल' असे आहे. जर्नल म्हणजे रोजकीर्द, हे अकरावीच्या मुलासही ठाऊक असते. रोजकीर्दीत नोंदी घडल्या क्रमाने उतरतात, खात्यांप्रमाणे नव्हे. खाते पाडण्याचे काम (आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांनाही 'खाते' हा शब्द परका नाही) वाचणाऱ्याने करावयाचे असते.

त्याची हत्यारे जुनी आणि लहान आहेत. 'ग्रेप' ही केन टॉम्सन यांनी केलेली, १९७३ सालापासूनची आज्ञा; हवा तो शब्द असलेल्या ओळी ती निवडून देते. 'सॉर्ट' ओळी क्रमाने लावते, 'युनिक' लागोपाठच्या सारख्या ओळी मोजते, 'टेल' वहीचे शेवटचे पान दाखवते. एकीचे उत्तर दुसरीच्या हाती सोपवता येते. ही खतावणीच झाली. या आज्ञा टंकताना अर्थातच रोमन लिपी वापरावी लागते. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या मित्रांना काळा पडदा व त्यावरील इंग्रजी ओळी पाहून धडकी भरते. मीही त्याच माध्यमातला. तरी सांगतो, हे इंग्रजी मोजक्याच शब्दांचे असते आणि त्यात व्याकरण जवळजवळ नसते. ज्याला बँकेचे पासबुक वाचता येते त्याला ते वाचता येईल.

आता उदाहरण. आमच्या प्रयोगशाळेत चार जुन्या यंत्रांचा समूह आहे. शेअरच्या भावांवरील एका प्रकल्पाची आकडेमोड त्यावर रात्री लावून ठेवत असत, आणि ती मध्यरात्रीनंतर बंद पडे. पहिल्या यंत्राच्या वहीत एकच तक्रार शेकडो वेळा लिहिलेली होती: तिसऱ्या यंत्राकडून उत्तर येत नाही. साहजिकच सर्वांचे मत केबलवर गेले. केबल बदलली. दुसऱ्या रात्री तेच.

तेव्हा आम्ही तिसऱ्या यंत्राची वही काढली व त्यात 'एरर' हा शब्द ग्रेपने शोधला. कामाचे काहीही सापडले नाही. मग शब्दाचा नाद सोडून वेळ धरली. शेकडो तक्रारींपैकी पहिली कोणती? ती रात्री २ वाजून १७ मिनिटांची निघाली. तिसऱ्या वहीतील त्याच मिनिटापाशी जाण्यापूर्वी चारही यंत्रांवर 'डेट' ही आज्ञा देऊन घड्याळे पडताळली, तर तिसरे यंत्र चार मिनिटे मागे! बँक जुळवणी पत्रक करताना रोकड वहीतील तारीख आणि पासबुकातील तारीख यांत जसा फरक निघतो, तसाच हा प्रकार. म्हणून तिसऱ्या वहीत २ वाजून १३ मिनिटांपाशी पाहिले. तेथे एकच ओळ होती: 'आउट ऑफ मेमरी', आणि पुढे, अमुक क्रमांकाचा प्रोग्रॅम मारला. स्मृती संपत आली की लिनक्सचा गाभा इतरांना वाचविण्यासाठी बहुधा सर्वांत जास्त जागा अडवून बसलेल्या प्रोग्रॅमचा बळी देतो. त्याच्या दृष्टीने ही चूक नव्हे, कर्तव्य. म्हणून ओळीत 'एरर' शब्द नाही. 'फ्री' ही आज्ञा देताच कळले की तिसऱ्या यंत्रात इतरांच्या निम्मीच स्मृती आहे, आणि काम मात्र चौघांना समसमान वाटलेले. त्याचा वाटा निम्मा केल्यावर आकडेमोड पहाटेपर्यंत पुरी झाली. घड्याळही नीट लावले, हे सांगणे नलगे.

घड्याळाचा विषय निघालाच आहे, तर याहून फार मोठे असे एक प्रकरण सांगण्याजोगे आहे. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी जागतिक वेळेत अधूनमधून एक सेकंद वाढवितात. आपल्या अधिक मासाप्रमाणे यास अधिक सेकंद म्हणू. १ जुलै २०१२ रोजी, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजण्याच्या क्षणी, असा सेकंद घातला गेला, आणि जगभरच्या अनेक लिनक्स समूहांतील यंत्रे एकाएकी पूर्ण वेगाने निरर्थक धावू लागली. रेडिट हे संकेतस्थळ कोलमडले. मोझिला संस्थेच्या जावावर चालणाऱ्या समूहांनाही त्रास झाला. प्रत्येक प्रोग्रॅमच्या वहीत निराळी तक्रार होती किंवा काहीच नव्हते. गाभ्याच्या वहीत मात्र एक साधी ओळ होती: 'क्लॉक: इन्सर्टिंग लीप सेकंड'. नोंद खरी होती आणि कामही ठरल्याप्रमाणे झाले होते. परंतु वाढलेल्या सेकंदाची वर्दी गाभ्यातील गजर लावणाऱ्या भागास पोचली नव्हती. तो भाग एक सेकंद पुढेच राहिला. 'अर्ध्या सेकंदाने उठव' असे सांगून झोपणाऱ्या प्रोग्रॅमला तो म्हणे, तुझी वेळ टळून गेली, ऊठ! तो उठे, पुन्हा झोपू पाही, पुन्हा उठविला जाई.

निरनिराळ्या संस्थांच्या निरनिराळ्या प्रोग्रॅमांना एकच आजार आणि आरंभ एकाच सेकंदाला, या जुळणीमुळेच ती ओळ नजरेत भरली. उपाय ऐकून हसू येईल: 'डेट' आज्ञेने यंत्राला आहे तीच वेळ पुन्हा सांगणे. त्यासरशी गजराचा भाग ताळ्यावर येई.

तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे न मानण्यास आम्हांस पहिल्यापासून शिकवितात. जी नोंद करावयाची राहूनच गेली ती दोन्ही बाजूंस नसते, आणि बेरजा खुशाल जुळतात. गजराला न दिलेली वर्दी ही तशीच विसरचूक होती. संगणक विभागातील मित्र मात्र अजून तांबड्या अक्षरांतील ओळींकडेच प्रथम धाव घेतात, यावर आमचा नेहमी वाद होतो.

असो. १९७२ पासून असे २७ अधिक सेकंद घातले गेले. त्यांतील शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ चा. ही प्रथा २०३५ पर्यंत आवरती घेण्याचा ठराव वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ मध्ये केला आहे.