हवामान आणि मधमाशीचा वंश

जालना एमआयडीसीतून लोखंडी सळया जशा देशभर जातात, तसेच बियाणेही जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही कंपनी स्थापन केली आणि पुढे हे शहर बियाण्यांचे केंद्र म्हणून नावारूपास आले. सूर्यफूल व कांदा यांच्या संकरित बीजोत्पादनात मादी ओळीच्या फुलांना स्वतःचा सकस पराग नसतो. नर ओळीचा पराग तेथवर नेण्याचे काम मुख्यतः मधमाशी करते. त्यासाठी शेतात मधुपेट्या ठेवल्या जातात. मात्र पेटीतील माशीचा वंश कोणत्या हवामानात घडला, हे क्वचितच विचारले जाते. त्याच प्रश्नाचा येथे विचार करू.

आपल्याकडे पेटीत प्रामुख्याने दोन जाती पाळतात: देशी सातेरी आणि १९६२ साली नगरोटा बगवाँ येथे भारतात रुजविलेली युरोपीय मेलिफेरा. या दोन जातींचा परस्पर संकर होत नाही. आग्या व फुलोरी माश्या उघड्यावर एकच पोळे बांधतात. त्या पेटीत नांदत नाहीत.

हवामान एखाद्या माशीची जनुके बदलीत नाही. कोणती वसाहत टिकून पुढची पिढी देईल, हे ते ठरविते. काश्मीरमधील सातेरी दक्षिणेकडील सातेरीहून आकाराने मोठी असते, ती अशाच दीर्घ निवडीमुळे. फ्रान्समधील लांद प्रदेशातील माश्यांचे पिलावा वाढविण्याचे वेळापत्रक तेथील झुडपांच्या बहराशी जुळलेले आहे. वसाहती दुसरीकडे हलविल्या तरी त्यांनी ते वेळापत्रक सोडले नाही. म्हणजे ऋतूची ही जाण रक्तातूनच आलेली होती.

ब्राझीलमध्ये १९५६ साली आफ्रिकेतून राण्या आणल्या गेल्या आणि पुढील वर्षी काही वसाहती निसटल्या. उष्ण प्रदेशात त्यांच्या वंशाने युरोपीय वंशावर मात केली. परंतु अर्जेंटिनात दक्षिणेकडे थंडी वाढत जाते तसा त्यांचा अंश घटत जातो. युरोपातील ११ देशांत २००९ ते २०१२ या काळात सुमारे सहाशे वसाहतींची तुलना झाली. गोचिडीवर औषध न देता ठेवलेल्या या वसाहतींपैकी स्थानिक वंशाच्या वसाहती परक्या वंशाच्या वसाहतींहून सरासरी ८३ दिवस अधिक जगल्या.

उष्णतेशी झुंजताना वैविध्यही उपयोगी पडते. राणी दहा-वीस नरांशी संग करते. त्यामुळे एकाच पोळ्यातील कामकरी माश्या निरनिराळ्या पित्यांच्या असतात. कोणी थोड्या उष्म्यातच पंख हलवू लागतात, कोणी उशिरा. सर्व एकदम सुरू वा बंद होत नाहीत. म्हणून पिलाव्याचे तापमान ३३ ते ३६ अंशांच्या दरम्यान स्थिर राहते. उलट निकटच्या नात्यात संग झाला, तर निकामी नर उपजतात. कामकरी माश्या त्यांना अळीच्या अवस्थेतच खातात आणि पिलाव्यात रिकामी घरे दिसू लागतात.

पाळीव वसाहतीत हवामानाच्या जोडीला मधपाळही निवड करीत असतो. साखरेचा पाक, सावली व पाणी देऊन तो दुर्बल वसाहतीही तारतो. ते योग्यच आहे. पण पुढच्या राण्या दरवर्षी थंड प्रदेशातून विकत आणल्या, तर मराठवाड्याच्या उन्हाळ्याने केलेली निवड पुसली जाते. यावर उपाय साधा आहे. पारा चाळिशीपार जाणाऱ्या एप्रिल-मे महिन्यांत ज्या वसाहती पिलावा राखतात, पळून जात नाहीत, त्यांची नोंद ठेवावी. राण्या अशाच अनेक वसाहतींतून वाढवाव्यात, एकीतूनच नव्हे. रीतसर शिक्षणासाठी पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचे मध संचालनालय आहे.

प्रतीत्यसमुत्पाद आपणांस शिकवितो की काहीही कारणावाचून उत्पन्न होत नाही. मधमाशीचा वंशही ऊन, पाऊस, फुलोरा आणि माणसाची निवड यांतूनच घडतो. यांतील अखेरचे कारण आपल्या हाती आहे. शेती करणारे आमचे माजी विद्यार्थी आणि पालक यांनी पेटी घेताना किमतीबरोबर राणीचे मूळही विचारावे, एवढीच आमची विनंती.