पेटीतली पावडर

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात. विषय किड्यांचा आहे!

माझ्या रूममेटच्या आजोबांची पेटी हॉस्टेलच्या म्युझिक रूममध्ये असायची. आजोबा आता नाहीत. जूनमध्ये पेटीखाली पांढरट पावडर दिसली. कॅरमची पावडर सांडली म्हणून मी ज्युनिअर्सवर ओरडले. पुसली, तर दोन दिवसांनी पुन्हा हजर. पेटी उलटी केली तेव्हा तळाच्या फळीला टाचणीच्या डोक्याएवढी अकरा गोल भोकं दिसली.

सगळ्यांनी वाळवी म्हणून निकाल लावला. पण साधी वाळवी मातीच्या नळ्या करते, आणि सुक्या लाकडातल्या वाळवीचे खसखशीसारखे दाणे पडतात. आमची पूड मैद्यासारखी मऊ होती. हे काम पावडरपोस्ट बीटल नावाच्या भुंगेऱ्याचं. त्याची मादी पॉलिश नसलेल्या लाकडाच्या बारीक छिद्रांत अंडी घालते. अळी आतला स्टार्च खात महिनोन्‌महिने पोखरत राहते, मग कोष करते, आणि शेवटी भुंगेरा भोक पाडून बाहेर येतो. म्हणजे आपल्याला दिसतं ते भोक आत शिरायचं नाही, बाहेर पडायचं! मी मात्र आठवडाभर त्या भोकांत झुरळांचा स्प्रे मारत होते. ज्याला मारायचं तो केव्हाच उडून गेलेला, आणि उरलेल्या अळ्या भुशाने भरलेल्या बोगद्यांत सुरक्षित.

पेटी बाहेरून चकचकीत असली तरी आतून लाकूड कोरंच असतं. त्यात ती फळी सालीजवळच्या फिकट लाकडाची. स्टार्च असतो तो त्याच भागात, गाभ्याच्या लाकडात जवळजवळ नाहीच.

पण किडा आला कुठून? म्युझिक रूमच्या कोपऱ्यात गॅदरिंगच्या सेटचे बांबू उभे होते. बांबूत स्टार्च भरपूर. त्यांच्याखालीही तीच पावडर होती. आणि ते बांबू तिथे ठेवायला सांगणारी कल्चरल सेक्रेटरी मीच. हे रूममेटला सांगायला मला दोन दिवस लागले. ती काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

उपाय सुचवायला सगळे पुढे. मेसच्या मावशी म्हणाल्या, रॉकेल लाव. त्याने वास राहतो आणि आग लागायची भीती. कडक उन्हात ठेवलं तर फळ्या वाकतात, सांधे उघडतात. मला लॅबमधला ओव्हन आठवला, कारण लाकडाच्या आतपर्यंत ५५ अंश उष्णता तासभर टिकली तर अळ्या मरतात. पेटी दुरुस्त करणारे काका म्हणाले, "पोरी, ओव्हनमध्ये नानकटाई भाजतात. सरस सुटला तर पेटी माझ्याकडे पिशवीतून आणशील."

त्यांनीच पेटी खोलली. भाता, सूर, पट्ट्या सगळं ठीक, कीड फक्त तळाच्या फळीत. मग म्युझियममध्ये वापरतात तो थंडीचा उपाय केला. फळी प्लॅस्टिकमध्ये हवा काढून सीलबंद केली आणि कँटीनच्या आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेवली. बाहेर काढल्यावर प्लॅस्टिक लगेच फोडायचं नाही. पूर्ण दिवस तसंच ठेवायचं, नाहीतर लाकडावर दव धरतं. अख्खी पेटी मात्र अशी गोठवू नका. चामडं, सरस आणि लाकूड सारखं आकसत नाही. नंतर काकांनी जुनी भोकं मेणाने बुजवली आणि कोऱ्या बाजूला पॉलिशचा हात दिला.

बांबू मेसच्या बंबात गेले. (कॅरमची पावडर म्हणजे बोरिक, आणि बोरॉनचे क्षार लाकूड टिकवायला वापरतात हे खरं. पण ते पाण्यात विरघळवून कोऱ्या लाकडात मुरवावे लागतात. नुसती भुरभुरून उपयोग नाही, ज्युनिअर्सनी प्रयोग करू नये!)

आता पेटीखाली काळा कागद आहे. पूड दिसली तरी घाबरायचं नाही, वाजवताना जुन्या बोगद्यातलीही पडते. मेण न लावलेलं नवं भोक दिसलं तरच किडा जिवंत. वर्षभर पाहावं लागणार. दर रविवारी मी कागद तपासते. तीन महिने झाले, नवं भोक नाही. पेटी मात्र आमच्या खोलीत, रूममेटच्या कॉटशेजारी आहे. म्युझिक रूममध्ये परत ठेवूया असं मी अजून तिला विचारलेलं नाही.