मदरबोर्ड बदलायची घाई नको

प्रश्न : जुन्या डेस्कटॉपचा घरगुती सर्व्हर केलाय. दोन लॅन पोर्टपैकी एक मेलेला, दुसऱ्याचा वेग १०० एमबीपीएसवर अडतो. मदरबोर्ड बदलू का?
– एक वाचक, एकलहरे (नाशिक)

उत्तर : अजिबात नको. आधी केबल बघा. १०० एमबीपीएसला तारांच्या दोनच जोड्या पुरतात (पिन १, २, ३, ६). गिगाबिटला चारही लागतात. घाईत क्रिंप केलेल्या कनेक्टरमध्ये निळी किंवा तपकिरी तार आत पोचलेलीच नसते. पारदर्शक प्लास्टिकमधून ते चक्क दिसतं! नवी तयार केबल घ्या, तीच ‘मेलेल्या’ पोर्टात लावा. पोर्टाजवळचा दिवा लागला तर पोर्ट बहुधा शाबूत आहे, फक्त आयपी मिळालेला नाही. ऑपरेटिंग सिस्टिम इन्स्टॉल करताना जोडलेला पोर्टच बहुतेकदा कॉन्फिगर होतो. दिवा नाहीच लागला तर बायॉसमध्ये पोर्ट बंद आहे का पाहा. तिथेही सुरू दिसला, तर पीसीआय एक्सप्रेसचं साधं गिगाबिट कार्ड बसवा.